चांदीचे पाणी

कडेगावचे नाव जिल्ह्याबाहेर निघते ते बहुधा मोहरमच्या गगनचुंबी ताबुतांमुळे. ताबुतांच्या भेटींना पंचक्रोशी लोटते, तशी पोटासाठी परमुलखात गेलेली माणसेही गावाची वाट धरतात. त्या परतलेल्यांपैकी काहींचे हात जरा निरखून पाहावेत. अंगात इस्त्रीचा शर्ट असतो, मनगटावर घड्याळ असते, आणि बोटांच्या टोकांना, नखांच्या कडांना काळपट तपकिरी डाग असतात. मेंदी उतरत आल्यावर राहतो तसा रंग. पण हा धुऊन उतरत नाही. साबणाने घासा, लिंबू चोळा, त्याला काही होत नाही. ही माणसे गलाईवाली. त्यांच्या बोटांवर जे काळे दिसते ती चांदी असते.

गलाई म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव आणि साताऱ्याकडचे खटाव, माण हा सगळा टापू पर्जन्यछायेचा. येरळा वर्षातले कितीतरी महिने वाळूचीच असायची. शेतीवर घर चालेना तेव्हा इथल्या घराघरांतून पोरे बाहेर पडली आणि केरळ, तमिळनाडूपासून उत्तर प्रदेश, बिहारपर्यंतच्या सराफ बाजारांत भट्ट्या मांडून बसली. आधी एक चुलता गेला, त्याने पुतण्याला नेले, पुतण्याने मेव्हण्याला. ताकारी आणि टेंभूच्या पाण्याने पुढे या भागात ऊस उभा राहिला, वांगीला सोनहिरा कारखान्याचे धुराडे आले. पण घरात शिरलेला धंदा सुटला नाही. आजही परक्या शहरातल्या सराफ कट्ट्यामागच्या बोळात ‘मराठी गलाई’ विचारली, की अरुंद जिन्यावरच्या खोलीत विट्या-कडेगावकडची भाषा कानावर पडते.

या लेखाचा विषय त्या खोलीतल्या एका भांड्यात असतो, म्हणून काम नेमके कसे चालते ते आधी पाहू.

सराफाकडून मोड येते: तुटक्या साखळ्या, जुन्या पाटल्या, एकेरी राहिलेले कानातले. त्यात सोन्याबरोबर तांबे, चांदी, डाकाची भेसळ. मुशीत घालून, वर टाकणखार टाकून ती गाळतात. मग गलाईवाला एक उलटी वाटणारी गोष्ट करतो. सोने शुद्ध करायचे असताना तो त्यात आणखी चांदी मिसळतो, इतकी की मिश्रणात सोने जेमतेम चौथा हिस्सा उरावे. सोने जास्त असेल तर तेजाब आतपर्यंत पोचत नाही. सोन्याचे कण आतल्या चांदीवर पांघरूण घालून बसतात. हे मिश्रण पाण्यात ओतून त्याचे दाणे करायचे आणि तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळायचे. भांड्यातून तांबूस पिवळा धूर उठतो. चांदी आणि तांबे विरघळून जातात, आणि तळाशी तपकिरी गाळ राहतो, विटकरीच्या भुकटीसारखा, अगदी निस्तेज. ते सोने. धुऊन पुन्हा गाळले की पिवळे होते.

वर राहिलेल्या पाण्यात चांदी असते. तांब्यामुळे त्याला निळी-हिरवी झाक असते. तांबे नसते तर ते साध्या पाण्यासारखे दिसले असते. त्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी पाण्यातून बाहेर येऊन पट्टीवर करड्या शेवाळासारखी चढू लागते आणि पाणी गडद निळे होत जाते. ती चांदी झटकून, धुऊन, गाळली की पुन्हा पुढच्या मोडीत मिसळायला तयार. धंद्याच्या दृष्टीने हिशेब इथे संपतो. पट्टी सोडण्याआधीचे जे पाणी, त्याला रसायनशास्त्रात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण म्हणतात. या पाण्याने दोन-तीनशे वर्षे डॉक्टरी केली आहे.

धातूरूप चांदीला आपण निरुपद्रवी मानतो, आणि ते बरोबर आहे. उष्टावणाला बाळाच्या तोंडाला चांदीची वाटी लागते, बर्फीवर वर्ख असतो, बाळाच्या पायात वाळे असतात. यातले शरीरात जवळजवळ काहीच शिरत नाही. तेजाबाशी संयोग झाला की तिचा स्वभाव पालटतो. 108 ग्रॅम चांदीपासून 170 ग्रॅम सिल्व्हर नायट्रेटचे बिनरंगी स्फटिक मिळतात आणि ते पाण्यात साखरेसारखे विरघळतात. धातूत घट्ट बसलेली चांदी आता सुटी झालेली असते. कातडीला लागली तर तिथली प्रथिने ती गोठवते. दाट द्रावण डोळ्यात गेले तर बुबुळ जळते. पोटात गेले तर आतड्यांना भाजून काढते. दहाएक ग्रॅम माणसाला मारायला पुरतात. विषाच्या कपाटात ठेवावा असा हा पदार्थ आहे, आणि तो औषधाच्या कपाटात होता.

त्याची ओळख पटली तीही गलाईच्याच कामात. तेराव्या शतकात युरोपातल्या अल्बर्टस मॅग्नसने लिहून ठेवले, की तेजाब सोन्यातून चांदी वेगळी काढते आणि त्या पाण्याने कातडी काळी पडते. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही नोंद कडेगावच्या कोणाही कारागिराला स्वतःच्या खोलीतली वाटेल. 1614 मध्ये अँजेलो साला या वैद्याने पाहिले, की स्फटिकांची पूड उन्हात काळी पडते. 1727 मध्ये जर्मनीत योहान शुल्झने दाखवले, की हा परिणाम उष्णतेचा नाही, उजेडाचा आहे. त्याच्यातून पुढे फोटोग्राफी निघाली. काच असो, कागद असो की गलाईवाल्याचे बोट, घटना एकच: चांदीचा क्षार उजेडात फुटतो आणि बारीक काळी चांदी मागे राहते. म्हणूनच हात लागतो तेव्हा काही दिसत नाही. पोरगा हात पुसतो, जेवतो, दुपारी उन्हात फिरतो, आणि संध्याकाळी बोटे काळी.

किमयागारांच्या लेखी चांदी म्हणजे चंद्र. त्यामुळे सिल्व्हर नायट्रेटला पाश्चात्त्य वैद्यकात ‘लुनर कास्टिक’ हे नाव पडले, म्हणजे चंद्राचा दाहक क्षार. (आपल्याकडचा कास्टिक सोडा वेगळा, नावापलीकडे दोघांचे नाते नाही.) 212 अंशांवर तो वितळतो, साच्यात ओतून पेन्सिलीएवढी कांडी करता येते. एकोणिसाव्या शतकातला शल्यवैद्य आपल्या पेटीत चिमटा-सुरीबरोबर ही कांडी बाळगायचा. चामखीळ आहे? कांडी. जखमेत फाजील मांस वाढले? कांडी. नाकातून रक्त थांबत नाही? आत कांडीचे टोक. लावली तिथे पांढरा चट्टा पडायचा, दुसऱ्या दिवशी काळा व्हायचा आणि खपली होऊन पडायचा. ती तेवढ्याच जागेवर काम करून थांबते, कारण गोठलेली प्रथिने तिची पुढची वाट अडवतात. तिच्या औषधी आयुष्याचे गमक या थांबण्यात होते, आणि जिथे ती थांबली नाही तिथे अनर्थ झाले.

सगळ्यात मोठे काम तिने केले ते नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांत. आईला परमा असेल तर प्रसूतीच्या वाटेतच त्याचे जंतू बाळाच्या डोळ्यांत जातात. दोन-तीन दिवसांत पापण्या टम्म सुजतात, पू वाहू लागतो, आणि उपाय झाला नाही तर बुबुळाला भोक पडून डोळा कायमचा जातो. त्या काळी युरोपातल्या अंधशाळांमधल्या मुलांचा मोठा हिस्सा या एका आजाराने आंधळा झालेला होता. लाइपझिगच्या प्रसूतिगृहाचे प्रमुख कार्ल क्रेडे यांच्यासमोर हे रोजचे दुःख होते. शंभरातल्या दहाएक बाळांचे डोळे यायचे. आयांना धुऊन पाहिले, बाळांचे डोळे टाकणखाराच्या पाण्याने धुऊन पाहिले. अखेर 1880 मध्ये त्यांनी प्रत्येक बाळासाठी एकच पद्धत लावली: नाळ बांधून, आंघोळ घालून झाली की पापण्या उघडायच्या आणि काचेच्या कांडीवरून दोन टक्के सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब प्रत्येक डोळ्यात सोडायचा. प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या खाली आले. या रोगाचा जंतू आल्बर्ट नायसरला सापडून तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.

ती पद्धत जगभर गेली, अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तर कायद्याने सक्तीची झाली. त्या थेंबाची किंमत बाळ मोजायचेच: डोळे लाल व्हायचे, एक-दोन दिवस पाणी गळायचे. द्रावण पुढे एक टक्क्यावर आणले. पण बाटली उघडी राहिली, पाणी उडून गेले, तर उरलेले द्रावण दाट होते. अशा दाट द्रावणाने बाळांची बुबुळे जळाल्याच्या घटना वैद्यकाच्या इतिहासात आहेत. म्हणून मग एका बाळापुरते औषध असलेल्या मेणाच्या इवल्या कुप्या निघाल्या. टोचायची, थेंब सोडायचा, फेकायची. एक टक्का आणि दहा टक्के यांच्यामध्ये एका बाळाची दृष्टी होती, आणि दोन्ही द्रावणे दिसायला पाण्यासारखीच.

मोठ्यांच्या डोळ्यांतही हे औषध जायचे. खुपऱ्या हा रोग आपल्या धुळीच्या मुलखात जुना. पापणीच्या आत खरखरीत दाणे येतात, पापणी आत वळते, केस बुबुळाला घासतात. प्रतिजैविके येण्याआधी यावर दोनच मुख्य उपाय होते: पापणी उलटी करून तिला मोरचुदाचा खडा घासायचा, नाहीतर सिल्व्हर नायट्रेट लावायचे. रोगी ओरडायचा, आणि आठवड्याने पुन्हा यायचा. सांगली जिल्ह्याला मोरचूद आता द्राक्षबागेतल्या बोर्डो मिश्रणापुरते ठाऊक आहे. तेच मोरचूद डोळ्यात घासून घेण्यासाठी माणसे रांगेत उभी राहत, यावर आज विश्वास बसत नाही. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत 1894 मध्ये रुग्णालय उघडले आणि डोळ्यांचे रोगी लांबून तिकडे येऊ लागले, तो सगळा काळ याच दोन क्षारांचा होता. तांबे आणि चांदी. गलाईवाल्याच्या भांड्यात विरघळलेले असतात तेच दोन धातू.

सिल्व्हर नायट्रेटची आग कमी करण्याच्या खटपटीतून एका माणसाने अफाट पैसा केला. फिलाडेल्फियाच्या आल्बर्ट बार्न्सने हरमन हिले या जर्मन रसायनज्ञाच्या साथीने चांदी प्रथिनाशी बांधून ‘आर्जिरॉल’ नावाचे औषध काढले. ते जंतू मारायचे आणि डोळा मात्र फारसा झोंबायचा नाही. पेटंट घेतले तर कृती जाहीर करावी लागेल म्हणून त्याने ते घेतलेच नाही. 1929 च्या मंदीच्या तोंडावर कंपनी विकून तो मोकळा झाला, आणि त्या पैशातून जमवलेली रेन्वार, सेझान, मातीस यांची चित्रे आज फिलाडेल्फियात बघायला मिळतात. बाळांच्या डोळ्यांतल्या थेंबांवर उभे राहिलेले ते चित्रालय आहे.

अनर्थ झाले ते हे पाणी प्यायला दिले तेव्हा. मिरगीवर, पोटातल्या व्रणावर, मज्जारज्जूच्या विकारांवर एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर सिल्व्हर नायट्रेटच्या गोळ्या महिनोन्महिने द्यायचे. मिरगी तशीच राहायची. चांदी मात्र थोडी थोडी रक्तात उतरून कातडीत साठायची, आणि शुल्झने बाटलीत पाहिले ते माणसाच्या चेहऱ्यावर घडायचे. उजेड लागणारे सगळे भाग, कपाळ, गाल, हात, नखांची मुळे, करडे-निळे होत जायचे. या विकाराला आर्जिरिया म्हणतात. औषध बंद केले तरी रंग जात नाही. निळा माणूस म्हणून सर्कशीत स्वतःला दाखवून पोट भरणारी माणसे त्या काळी होती; एका गोळीपायी त्यांचा चेहरा हीच त्यांची कमाई झाली. हे जुने झाले म्हणून सोडूनही देता येत नाही. अमेरिकेत चांदीचे पाणी सर्वरोगहारक म्हणून घरी करून पिणारा पॉल कॅरासन हा गृहस्थ निळा होऊन जगभर गाजला आणि 2013 मध्ये वारला. तिथल्या औषध प्रशासनाने 1999 मध्येच जाहीर केले होते, की दुकानात सर्रास विकली जाणारी अशी औषधे सुरक्षित नाहीत आणि गुणकारीही नाहीत. ‘कोलॉइडल सिल्व्हर’ नावाच्या बाटल्या आज आपल्याकडेही घरपोच येतात. त्यावर शुद्धतेची ग्वाही असते. शुद्ध चांदीच कातडीत साठते, हे बाटलीवर लिहिलेले नसते.

भाजलेल्या रोग्यांच्या वाट्याला मात्र हे औषध दुसऱ्यांदा आले आणि त्याने जीव वाचवले. 1965 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या कार्ल मॉयर आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या जखमा अर्ध्या टक्क्याच्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये भिजवलेल्या पट्ट्यांनी झाकल्या. जंतुसंसर्गाने मरणारी माणसे वाचू लागली. वॉर्ड मात्र काळे झाले: चादरी, फरशी, खाटांचे पाय, परिचारिकांचे हात. शिवाय एक छुपा धोका होता. चांदी मिठातल्या क्लोराइडला घट्ट धरते, आणि पातळ द्रावण जखमेतून शरीरातले मीठ ओढून घेते. रोगी जखमेने नाही तर मीठ उतरल्याने दगावू शकत असे. तीनच वर्षांनी, 1968 मध्ये, चार्ल्स फॉक्स यांनी चांदी सल्फाडायझिनशी जोडून पांढरे मलम केले. स्टोव्हचा भडका, उकळते तेल, दिवाळीतला फटाका, अशा अपघातानंतर आपल्याकडच्या रुग्णालयात जे पांढरे मलम थापतात ते बहुतेक हेच.

मिठाची ही ओढ उताराही आहे. कोणी सिल्व्हर नायट्रेट गिळले तर जुन्या विषशास्त्राने पहिला उपाय सांगितला तो मिठाचे पाणी: चांदीचे क्लोराइड होते, ते विरघळत नाही, दह्याच्या कवडीसारखे पांढरे होऊन खाली बसते. शिशुगृहातही थेंबानंतर डोळे कधीकाळी मिठाच्या पाण्याने धूत, ते यासाठीच. आणि भांड्यातल्या पाण्यात चांदी उरली आहे की नाही, हे चिमूटभर मिठाने ताडून बघता येते. पाणी दुधाळ झाले, तर चांदी आहे.

याच ओढीची एक खूण प्रत्येक मतदाराने अंगावर वागवली आहे. 1962 च्या निवडणुकीपासून डाव्या हाताच्या तर्जनीला लागणारी, म्हैसूर पेंट्सच्या कारखान्यात होणारी शाई सिल्व्हर नायट्रेटची असते. घामातल्या मिठाशी संयोग होऊन क्लोराइड होते, उजेडात काळे पडते, आणि कातडी झडेपर्यंत, नख वाढून कापले जाईपर्यंत टिकते. आपण तो डाग अभिमानाने दाखवतो. गलाईवाल्याच्या दहाही बोटांवर तोच डाग बारा महिने असतो.

सिल्व्हर नायट्रेटचा वैद्यकीय इतिहास पुष्कळदा लिहिला गेला आहे. त्यात क्रेडे आहेत, बार्न्स आहेत, निळी माणसे आहेत. औषधाचा गुण न घेता केवळ दोष अंगावर घेणारी ही गलाईवाली माणसे त्यात नाहीत, आणि ती यायला हवीत. कारण त्यांना असलेला खरा धोका बोटांवर दिसत नाही. बोटांचे डाग कुरूप असले तरी वरवरचे आहेत. धोका आहे त्या तांबूस पिवळ्या धुरात. चांदी आणि तांबे तेजाबात विरघळताना नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे खिडकीतून पटकन निघून न जाता खोलीत खाली साचतो. पाण्यात तो हळू विरघळतो, म्हणून नाका-घशाला फार न झोंबता थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतो. भरपूर धूर गेला तरी माणसाला आधी थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात, मग बरे वाटते. तो जेवून झोपतो. चार तासांनी, कधी एका दिवसाने, फुप्फुसांत पाणी भरू लागते आणि श्वास लागतो. तोवर सकाळच्या धुराची आठवणही कोणाला नसते, आणि परक्या गावातल्या, परक्या भाषेतल्या डॉक्टरला ती सांगणार कोण? तेजाबाचा धूर गेलेल्या माणसाला बरे वाटत असले तरी दिवसभर दवाखान्याच्या नजरेखाली ठेवावे, एवढी एक गोष्ट प्रत्येक भट्टीवर ठाऊक असायला हवी. तोंडाला बांधलेला रुमाल हा वायू अडवत नाही. भांड्यावर धूर ओढणारे धुराडे, त्याच्या वाटेत कास्टिक सोड्याचे पाणी, हातात रबरी मोजे: यातले काहीच महाग नाही. गाळलेल्या सोन्याच्या किमतीपुढे तर नाहीच.

औषध म्हणून या पाण्याची जागा आता बरीच आक्रसली आहे. नवजात बाळांसाठी एरिथ्रोमायसिन, टेट्रासायक्लिनची मलमे आली. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शिकेत पर्यायांच्या यादीत एक टक्का सिल्व्हर नायट्रेट अजून आहे. घोळणा फुटला तर कान-नाक-घशाचे डॉक्टर अजून त्याच्या काडीने शीर बंद करतात. बेंबीतले ओले मांस सुकवायला बालरोगतज्ज्ञ ती काडी वापरतात, आणि आईला आधीच सांगून ठेवतात, की उद्या बेंबी काळी दिसेल, घाबरू नका.

कडेगावात सुट्टीला आलेल्या गलाईवाल्याच्या कातडीवरचे डाग पंधरा दिवसांत फिके होत जातात. नखांचे जात नाहीत. नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढते. जत्रा होते, लग्ने होतात, रानातले एखादे काम मार्गी लागते, आणि नखाच्या मुळाशी तेवढीच एक स्वच्छ गुलाबी पट्टी दिसू लागते. पुढचे सगळे नख अजून काळेच असते. परतीचे तिकीट तोवर काढून झालेले असते.